ग्रीन नेट आत्ता लावावी की अक्षय्य तृतीयेनंतर? (इंदूर, छतावरची बाग)

सुखलियाकर
नमस्कार मंडळी. दुसऱ्या मजल्यावरची छत आहे, पश्चिमेला ना झाड ना उंच घर. गमले चाळीसेक असतील. रंगपंचमीच्या गेरीपर्यंत (रंगांच्या मिरवणुकीपर्यंत) सगळं झकास होतं. पाडव्यानंतर ऊन असं चढलं की पिटुनियाच्या काड्या झाल्या. त्याचं दुःख नाही, त्या जाणारच होत्या. पण जास्वंद दुपारी मान टाकते, अनंताची पानं पिवळी पडलीत, पुदिन्याच्या कडा करपल्यात आणि टमाट्याची फुलं देठासकट गळतात. मोगरा तेवढा मजेत, कळ्या धरतोय.

हे म्हणतात आजच ग्रीन नेट टाकू. सासूबाई म्हणतात, झाडांना उन्हाची सवय होऊ द्या, आखातीजेच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी कसली जाळी! घरात दोन पार्ट्या झाल्यात आणि मी मतदार. इंदूरच्या हवेत बाग करणाऱ्यांनी सांगा, काय करू?

मदनबाण
जाळी नको. निदान मोगऱ्यावर तरी अजिबात नको. मोगऱ्याला रोज सहा तास थेट ऊन लागतं. तो जाळीखाली गेला की पानं मोठी, काळीशार होतात, फांद्या लांबतात आणि कळीचा पत्ता नसतो. मग लोक विचारतात, माझा मोगरा का फुलत नाही. कळी नव्या फुटव्यावरच येते, म्हणून मी वसंत पंचमीच्या सुमाराला छाटतो, शेणखत देतो आणि होळीपर्यंत पाणी जरा हात राखून घालतो. आता एक बहर ओसरला की शेंडे दोन बोटं खुडायचे, दुसरा बहर येतो. युरियाचा चमचा कोणी सुचवला तर हात जोडून नाही म्हणा, त्यानं नुसती पानं माजतात.

लश्करवाला
किती आहे तुमच्याकडे? ३८? ग्वाल्हेरात ३८ ला आम्ही कुलर पुसून ठेवतो, चालू करत नाही.

पोहेशेव
ग्वाल्हेरवाल्यांना तापमानाच्या धाग्यांवर बंदी घाला भिया. दर वेळी हेच जिंकतात.

निवृत्त_बागवान
सुखलियाकर ताई, तुमच्या प्रश्नात चार वेगळे रोग आहेत आणि जाळी त्यातल्या दीडावरच औषध आहे.

आधी जास्वंद. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, वर पश्चिमेचा गरम वारा. पानातून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त झाला की पान मान टाकतं. गमल्यात पाणी भरपूर असलं तरी टाकतं! संध्याकाळी सातला बघा. उभी राहिली असेल तर काही बिघडलेलं नाही. सकाळी उठल्यावरही मान खाली असेल तर मात्र पाणी कमी आहे किंवा मुळं सडलीत. लोक करतात काय, तर दुपारी दोनला झाड वाकलेलं दिसलं की बालटी उपडी करतात. दोन आठवडे असं चाललं की मुळं गुदमरतात, आणि मग ‘उन्हानं झाड गेलं’. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर हात आवरा.

दुसरं, सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. नर्सरीतलं झाड मुळात जाळीखाली वाढलेलं असतं. आपल्याकडे येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमकडून येतात, गोदावरीकाठच्या दमट हवेतली. ती थेट आपल्या छतावर ठेवली तर पान भाजणारच. त्यांना पंधरा दिवस सकाळचंच ऊन द्यायचं, मग हळूहळू वाढवायचं. पण जुन्या, इथंच दोन उन्हाळे काढलेल्या झाडाला कसली सवय करायची आहे आता?

त्या रोपांबरोबर लाल चिकट मातीचा गोळा येतो, तोही बघून घ्या. तो आपण तसाच काळ्या मातीत ठेवतो. गोळा एकदा वाळला की दगड होतो, पाणी बाजूनं वाहून खालून निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात. वरून माती ओली दिसते, झाड मात्र तहानलेलं. अशा वेळी गमला तासभर पाण्याच्या टबात बुडवून ठेवायचा. बुडबुडे थांबले की काढायचा.

नवशिक्या_महू
बागवान काका, टमाट्याचं राहिलं. माझीही फुलं गळताहेत. पोटॅश घाल असं एका व्हिडिओत सांगितलं होतं.

निवृत्त_बागवान
दिवसाचं तापमान ३५ च्या वर राहायला लागलं की टमाट्याचे परागकण निकामी होतात. फलधारणा नाही, म्हणून झाड फूल टाकून देतं. पोटॅशनं हवा थंड होत नाही. चेरी टमाटे थोडे तग धरतात, माळव्याच्या रात्री गार म्हणून. बाकी झाडाला आता निरोप द्या आणि तिथं गिलकी (घोसाळी), भेंडी, चवळी लावा. ही मंडळी उन्हाचीच आहेत. भेंडीचं बी रात्रभर भिजवून लावा.

पोहेशेव
चार रोग, दीड औषध. काका, हिशेब पुरा करा, अनंत राहिला.

निवृत्त_बागवान
अनंत रासायनिक सरांसाठी ठेवलाय. त्यांचा आवडता विषय आहे, मी मध्ये पडलो तर रागावतील.

रासायनिक
रागावत नाही, पण मुद्दा नीट मांडला जावा एवढंच.

अनंताची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. जुनी, खालची पानं पिवळी होत असतील तर नत्राची. ताई, आधी हे बघून सांगा. लोहाची असेल तर मातीत लोह नाही असं समजू नका. माळव्याची काळी माती अल्कधर्मी, त्यात बोरिंगचं जड पाणी. अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. अनंताला आंबट माती लागते. नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकलं तर थोड्या दिवसांत तेही अडकून बसतं. चिलेटेड लोह मिळतं, ते द्या. नाहीतर एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी पानांवर फवारा. फरशीवर सांडू नका, गंजाचे डाग जन्मभर राहतात.

पाण्याबद्दल. नळाला नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी ते झाडांसाठी वेगळं भरून ठेवा. गमल्याच्या कडेला पांढरा थर दिसतो तो बोरिंगच्या क्षारांचा, पुदिन्याच्या कडा करपण्यात त्याचाही हात असणार. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार आणखी गोळा झालेले असतात. फरशी पुसा त्यानं. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार जवळपास नसतातच.

सुखलियाकर
सर, कोवळीच पानं पिवळी आहेत, शिरा हिरव्यागार. आणि आरओचं पाणी मी मोठ्या कौतुकानं बालटीत साठवून पुदिन्यालाच घालत होते.

पोहेशेव
पुदिना करपला त्याचं कारण सापडलं. खटला निकाली.

पुणेरी_पाहुणा
जलूदहून सत्तर किलोमीटर लांबून घाट चढवून आणलेलं नर्मदामैयाचं पाणी मोगऱ्याला? विजेचं बिल कुणाच्या नावावर?

मदनबाण
मोगऱ्याच्या. तो गजऱ्यात भरतो.

तुळशीकाकू
तुम्ही सगळे फार शिकलेले. माझं साधं ऐका. आमच्या रामबागेतल्या जुन्या घरी वैशाख लागला की तुळशीवर गळती बांधत. मडक्याला खाली बारीक भोक, त्यात सुती वात, तिवईवर टांगायचं. दिवसभर थेंब थेंब. धर्माचं धर्म आणि तुळस कधी वाळली नाही. मी अजून करते, मडकं मात्र छोटं. आणि मंजिऱ्या खुडत राहा हो. तुळस बीवर आली की पानं सोडते, मग उन्हाला नावं ठेवता.

नवशिक्या_महू
काकू, हे तर ठिबक सिंचन झालं.

तुळशीकाकू
तुमचं ठिबक झालं असेल. आमची गळतीच आहे.

निवृत्त_बागवान
काकूंच्या गळतीचा भाऊ म्हणजे पुरलेला मटका. वाफ्यात किंवा मोठ्या ड्रममध्ये न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकणी. माती कोरडी होईल तसं पाणी पाझरतं. गिलकीच्या वेलाला उत्तम. बाहेरगावी जाताना तर फारच सोयीचं. मडक्याला ऑइल पेंट मात्र मारू नका, रंग दिला की पाझरणं बंद.

विश्वामित्री
बडोद्याहून लिहिते. आमच्याकडे उलटा प्रकार आहे, एप्रिलच्या शेवटी हवा दमट व्हायला लागते. मागच्या उन्हाळ्यात मी चारही बाजूंनी जाळी बंद केली, आत हवाच खेळेना. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असा पसरला की फांद्या पांढऱ्या दिसायला लागल्या. त्यामुळे माझं मत, डोक्यावर जाळी चालेल, बाजू मोकळ्या ठेवा. ढेकणाला पाण्याचा जोरदार फवारा आणि त्यानंतर संध्याकाळी साबणपाण्यात निमतेल. दुपारी निमतेल मारलंत तर पानं भाजतील.

लश्करवाला
ताई, बडोद्याला हे बरोबर असेल. आमच्याकडे बाजू मोकळ्या ठेवल्या तर लू थेट आत येते. मी पश्चिमेची बाजू बंद करतो, पूर्व उघडी. आणि कोरड्या हवेत तुमचा ढेकूण कमी, आमचा लाल कोळी जास्त. पानावर बारीक ठिपके, खालून जाळं. त्याला ओलावा आवडत नाही, म्हणून सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाणी मारतो. अर्धं काम तेवढ्यानं होतं.

विश्वामित्री
हो, हवा वेगळी तर उपाय वेगळे, कबूल. पण इंदूर या दोघांच्या मध्ये कुठे बसतं?

मदनबाण
दुपारी ग्वाल्हेर, रात्री स्वर्ग.

निवृत्त_बागवान
मदनबाण गमतीनं बोलले, पण तेच उत्तर आहे. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, रात्री झाडाला सावरायला वेळ मिळतो. म्हणून आपल्याला ग्वाल्हेरइतकी जाड जाळी लागत नाही. ५० टक्के ऊन अडवणारी पुरते. ७५ टक्क्यांची घेतलीत तर फर्न आणि मनीप्लांट खूश, बाकी सगळे उदास.

वाड्यातला_गुलाब
माती झाकण्याबद्दल कोणीच बोललं नाही. फाल्गुन-चैत्रात कडुनिंब पानं ढाळतो, रस्त्यावर फुकट पडलेली असतात. गमल्यात तीन बोटं थर द्या. गुलाबाला मी हेच करतो, पाणी निम्मं लागतं. पानं बुंध्याला चिकटवू नका, बोटभर जागा सोडा. आणि काळ्या प्लास्टिकचे गमले तापतात हो, हात लावून बघा दुपारी. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा किंवा गमले एकमेकांना खेटून ठेवा, मोठे पश्चिमेला, छोटे त्यांच्या सावलीत.

पोहेशेव
पानं गोळा करायला सकाळी निघालो तर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत पुढे. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, आणि शेजारचे काका विचारतात, ‘क्यों भिया, कचरा वापस ले जा रहे हो क्या?’ देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात पाला पळवणारा एकटा मीच.

जुनी_पानं
पाल्याचा विषय निघालाच आहे तर अवांतर करतो. पाल्यापासून खत करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती आपल्याच गावात तयार झाली हे नव्या मुलांना ठाऊक नसतं. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथं होते, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. कापसाच्या पळकाट्या, तण, पाला, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती, राख, असे थर द्यायचे, ओल राखायची आणि ढीग तीनदा पालटायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१ साली त्यावर पुस्तक आलं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. हॉवर्ड साहेबांचं नाव सगळे घेतात, वाडांचं कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. १९३५ साली गांधीजी इंदूरला हिंदी साहित्य संमेलनासाठी आले होते, तेव्हा तेही ही पद्धत पाहायला तिथं गेले होते. तोही एप्रिलच होता.

पुणेरी_पाहुणा
म्हणजे खतही इंदुरी. शेव, जिलबी आणि आता खत. आमच्यासाठी काही शिल्लक ठेवलंय का?

पोहेशेव
दुपारची झोप ठेवली आहे.

नवशिक्या_महू
पण छतावर हा ढीग कसा करणार? माझं खत उन्हाळ्यात नुसतं वाळतं, कुजतच नाही.

जुनी_पानं
वाळलं म्हणजे ओल संपली, जिवाणूंचं काम थांबलं. मूठभर घेऊन दाबा, हात ओलसर व्हावा पण थेंब पडू नये, एवढी ओल हवी. भोकं पाडलेला ड्रम सावलीत ठेवा, वर ओलं पोतं. तुमच्याकडे शेण नसेल तर आंबट ताक शिंपडा. पालटणं चुकवू नका, पहिल्यांदा पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, मग दोन महिन्यांनी. आणि कच्चं खत या उन्हात गमल्यात घालू नका. ते मातीतच कुजायला लागतं, तापतं आणि मुळं भाजतात.

वाड्यातला_गुलाब
उन्हाळ्यात पक्कं खतसुद्धा कमीच द्यावं. झाड जगण्याच्या धडपडीत असताना त्याला जेवायला बसवायचं नाही. गुलाबाची मोठी छाटणीही आता नको, सुकलेली फुलं तेवढी काढा.

सुखलियाकर
एवढं सगळं वाचलं, वहीत उतरवलं, सासूबाईंना वाचून दाखवलं. ‘अर्ध्या बरोबर’ ऐकून त्या अर्ध्या रागावल्यात. गळतीचं ऐकल्यावर मात्र माळ्यावरचं मडकं काढायला सांगितलं.

पण मूळ प्रश्न तसाच आहे हो. जाळी कधी, आणि कुठल्या बाजूला?

निवृत्त_बागवान
खरंच की, आम्ही गाव फिरून आलो.

तारीख बघून लावू नका, झाड बघून लावा. आठवडाभर दुपारचं तापमान ४० च्या आसपास राहायला लागलं आणि जास्वंद रात्रीपर्यंत सावरेनाशी झाली की लावा. इंदुरात ती वेळ बहुतेक एप्रिलच्या उत्तरार्धात येते. आखातीजही कधीकधी तिथंच येते, त्यामुळे सासूबाईंचा मान राहील. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) २५ मेच्या सुमाराला सुरू होतो, तोपर्यंत थांबू नका.

बाजूबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. मे-जूनमध्ये तो मावळतो वायव्येकडे. म्हणजे हिवाळ्यात ज्या उत्तरेच्या भिंतीला ऊन शिवत नव्हतं, तिथंही संध्याकाळचं तिरपं ऊन येतं. उत्तरेला सावली म्हणून फर्न ठेवले असतील तर मेमध्ये ते भाजलेले सापडतील. तेव्हा पश्चिम आणि वायव्य झाका, पूर्व पूर्ण मोकळी. डोक्यावरची जाळी झाडांपासून निदान दोन-तीन फूट वर असावी, म्हणजे गरम हवा निघून जाईल.

मदनबाण
आणि मोगरा जाळीच्या बाहेर, पूर्वेच्या कोपऱ्यात. सोबत बोगनवेल, अडेनियम, चिनी गुलाब (पोर्चुलाका). यांना सावलीत ठेवणं म्हणजे शिक्षा आहे. अनंत, जास्वंद, पुदिना, गवती चहा आत. पुदिन्याला तर सकाळचे दोन-तीन तास ऊन पुरे.

लश्करवाला
अडेनियम माझंही उन्हातच आहे, ४५ ला फुललंय. सांगायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

पोहेशेव
मॉडरेटर!

विश्वामित्री
सुखलियाकर, हिरवी जाळी अजून घेतली नसेल तर पांढरी मिळते का बघा. ऊन परतवते, खाली कमी तापतं. हिरवी स्वस्त आणि सगळीकडे मिळते एवढंच.

सुखलियाकर
पांढरी विचारली, दुकानदार म्हणाला ऑर्डर द्यावी लागेल. हे थांबायला तयार नाहीत, हिरवीच आणली, ५० टक्क्यांची. मोगरा आणि बोगनवेल पूर्वेच्या कठड्याकडे हलवलेत. टमाटा उपटला, तिथं गिलकी. जाळी गुंडाळून ठेवलीय, जास्वंदीकडे रोज रात्री बघते. बांधायची कशाला? पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधली तर चालेल?

निवृत्त_बागवान
पाइपला मुळीच नको! मेच्या संध्याकाळी आंधी येते तेव्हा जाळी वाऱ्यानं फुगते आणि पाइप उखडून घेऊन जाते, वर छतभर पाणी. दोन लोखंडी अँगल कठड्याला ठोकून घ्या आणि त्यात तार ताणा. एका बाजूनं जाळी पक्की शिवा, दुसऱ्या बाजूला पडद्यासारखी कडी लावा, म्हणजे ढग दिसले की एका हातानं सरकवता येईल. कोपऱ्यांना सुतळी नको, उन्हानं कुजते. नायलॉनची दोरी घ्या.

वाड्यातला_गुलाब
आणि गाठ सरकफासाची मारा. आंधीत भिजलेली दुसरी कुठलीही गाठ सुटत नाही, शेवटी कात्री आणायला जिना उतरावा लागतो.

तुळशीकाकू
वर चढायला मुलाला सांगा, सुनेला नको. आणि वाऱ्याआधी माझी गळतीची तिवई खाली उतरवून ठेवा म्हणावं.